‘नुसतं गवत होतं’

१)
या थ्रेडमध्ये आपण किल्ले, शिलालेख, बखरी, दप्तरे यांविषयी बोलत आलो आहोत. आज मी एका गवताळ जमिनीविषयी लिहिणार आहे. विषय आडवळणाचा वाटेल, पण मुळातला प्रश्न आपल्या नेहमीच्या चर्चेतलाच आहे: अस्सल साधन कोणते, नक्कल कोणती, आणि अस्सल नाहीसे झाल्यावर नकलेच्या आधारे किती सांगता येते? ही जमीन टेक्सासमध्ये, ह्यूस्टन शहराच्या पश्चिमेला आहे. खरे तर ‘होती’ म्हणायला हवे. तिच्यावर माझ्या आत्याचे घर आहे.

२)
२०१४ साली शिक्षणासाठी मी ह्यूस्टनला आले आणि पहिले काही महिने केटी या उपनगरात आत्याकडे राहिले. एकसारखी विटांची घरे, कापलेली हिरवळ, लांबच लांब सरळ रस्ते. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून आलेल्या मला तिथली सपाटी मात्र ओळखीची वाटली. एका संध्याकाळी मी विचारले, “आत्या, इथं पूर्वी काय होतं?” ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “काहीच नव्हतं गं. आधी भातशेती होती म्हणतात. त्याच्याही आधी नुसतं गवत होतं.” हे उत्तर मला तेव्हा पुरेसे वाटले होते.

३)
त्या ‘नुसत्या गवता’चे नाव कोस्टल प्रेअरी, म्हणजे किनारपट्टीचे गवताळ मैदान. मेक्सिकोच्या आखाताला लागून टेक्सास आणि लुइझियाना या दोन राज्यांत ते सुमारे ९० लाख एकरांवर पसरलेले होते. सोलापूर जिल्ह्याच्या जवळजवळ अडीचपट! आज त्यातला एक टक्कासुद्धा मूळ स्थितीत शिल्लक नाही. जगातली अत्यंत दुर्मीळ झालेली जी अधिवासभूमी आहे, तीत तिची गणना होते. ह्यूस्टनचा बराचसा भाग याच मैदानावर उभा आहे.

४)
दुरून सपाट दिसणारे हे मैदान वास्तविक सपाट नसते. जागोजागी गुडघाभर उंचीचे मातीचे उंचवटे आणि त्यांच्या मधोमध उथळ खळगे असतात. पावसाळ्यात खळग्यांत पाणी साचते आणि उंचवटे कोरडे राहतात. त्यामुळे दहा पावलांच्या अंतरात ओलाव्याची आणि कोरडवाहूची वनस्पती शेजारीशेजारी नांदते. लिटल ब्लूस्टेम, इंडियन ग्रास, स्विचग्रास, मक्याचे दूरचे नातलग असलेले गामाग्रास, आणि त्यांच्यात मिसळलेली शेकडो प्रकारची फुलझाडे. या गवतांचा मोठा भाग डोळ्यांना दिसतच नाही. मुळे माणसाच्या उंचीइतकी खोल जातात. एक ओंजळ मातीसुद्धा अशी सापडत नाही जिच्यात मूळ नाही.

५)
मैदान रिकामेही नव्हते. किनाऱ्यालगत करांकावा, आणि आजच्या ह्यूस्टनच्या परिसरात अकोकिसा या लोकसमूहांचा वावर होता. ऋतूंप्रमाणे ते समुद्रकाठी आणि मैदानात फिरत असत. बायसनचे कळप चरत असत. विजेने आणि माणसांनी लावलेल्या वणव्यांनी जुने गवत जळून जाई, झुडपांना आळा बसे आणि काही आठवड्यांत नवे पाते फुटे. प्रेअरी हे केवळ निसर्गाचे काम नव्हे. आग, चराई आणि माणूस यांनी मिळून हजारो वर्षे ते राखलेले आहे.

६)
१८२० च्या दशकात, टेक्सास मेक्सिकोच्या ताब्यात असताना, स्टीफन ऑस्टिन याने अमेरिकी कुटुंबांची वसाहत आणली. तिच्या जमीनवाटपाची मापे मोठी बोलकी आहेत. शेतीसाठी मिळे ‘लेबर’, म्हणजे सुमारे १७७ एकर. आणि गुरे राखणाऱ्यास ‘लीग’, म्हणजे सुमारे ४,४२८ एकर. अर्थात सरकारच्या लेखी गवताला तेव्हा मोल होते. मात्र ते राखणाऱ्या मूळ लोकांना मोल नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत करांकावा आपल्या भूमीवरून हुसकावले गेले. पुस्तकांनी त्यांना ‘नामशेष’ ठरवले. आज त्यांचे वंशज पुढे येऊन ‘आम्ही आहोत’ असे सांगत आहेत.

७)
गुरांच्या काळात मैदान पुष्कळसे तगले, कारण चराईने मातीचा थर उलटत नाही. मग रेल्वे आली. मिसुरी-कॅन्सस-टेक्सास या रेल्वेला लोक ‘केटी’ म्हणत. गावाला तेच नाव पडले. विसाव्या शतकाच्या आरंभी येथे भातशेती सुरू झाली. भाताला पाणी उभे करावे लागते, म्हणून उंचवटे कापून खळगे बुजवण्यात आले. जे मैदान घडायला हजारो वर्षे लागली, ते काही हंगामांत सपाट झाले. तरीही खाचरांत हिवाळी हंसांचे थवे उतरत राहिले. ओली, मोकळी जागा अजून काही पाखरांना पुरत होती.

८)
शहराची गोष्ट समांतर चालली होती. १९२९ आणि १९३५ साली ह्यूस्टनमध्ये मोठे पूर आले. शहराचे रक्षण व्हावे म्हणून पश्चिमेच्या गवताळ मैदानावर दोन लांबलचक मातीची धरणे बांधण्यात आली: बार्कर १९४५ मध्ये पूर्ण झाले, अ‍ॅडिक्स १९४८ मध्ये. आपल्याकडच्या धरणांप्रमाणे त्यांत बारमाही पाणी नसते. एरवी ती कोरडी असतात, मोठ्या पावसात तेवढी भरतात. ती काठोकाठ भरली तर जितकी जमीन पाण्याखाली जाईल, तितकी सारी मात्र त्या वेळी सरकारने विकत घेतली नव्हती. भोवती भातखाचरे आणि कुरणेच होती. तिथे पाणी चढले तर कोणाचे काय बिघडणार, असा हिशेब असावा.

९)
पुढच्या पन्नास वर्षांत हीच खाचरे घरांसाठी विकली गेली. शेतकऱ्यांनी विकली यात नवल नाही. भातापेक्षा भूखंडाला भाव कितीतरी अधिक. महामार्ग रुंदावले. २०१३ च्या अखेरीस ग्रँड पार्कवे या वर्तुळाकार मार्गाचा एक टप्पा थेट केटी प्रेअरीतून गेला, आणि रस्त्यामागोमाग वसाहती आल्या. १९९२ पासून काही नागरिकांनी संस्था स्थापून इथली जमीन विकत घेऊन राखायला आरंभ केला होता. त्यांच्यामुळे हजारो एकर वाचले. पण एकरी भाव वाढत जातो तशी देणगीतून घेता येणारी जमीन घटत जाते, हे साधे गणित त्यांच्या विरोधात होते.

१०)
या साऱ्याचा साक्षीदार एक पक्षी आहे: अ‍ॅटवॉटरची प्रेअरी कोंबडी. वसंतात पहाटे नर ठरावीक उघड्या जागी जमतात, गळ्याच्या केशरी पिशव्या फुगवतात, पाय आपटत नाचतात आणि घुमतात. एकेकाळी ही संख्या दहा लाखांच्या घरात होती. १९३७ च्या सुमारास सुमारे ८,७०० उरली. १९७२ मध्ये ईगल लेक गावाजवळ त्यांच्यासाठी अभयारण्य झाले. आज बंदिवासात वाढवलेली पिल्ले दरवर्षी सोडूनच हा पक्षी टिकवला जात आहे. ज्यांनी सोलापूरच्या नान्नजचा माळढोक डोळ्यांनी पाहिला, किंवा माझ्यासारख्यांनी फक्त वडिलांच्या तोंडून ऐकला, त्यांना ही गोष्ट वेगळी सांगावी लागणार नाही.

११)
ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वे हे चक्रीवादळ आले आणि ह्यूस्टनवर येऊन रेंगाळले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, हे अनेकांना आठवत असेल. ह्यूस्टन परिसरात काही ठिकाणी चार-पाच दिवसांत १,००० मिलिमीटरहून अधिक झाला. आत्याचे घर बार्कर धरणाच्या वरच्या अंगाला. पाणी लोंढ्याने आले नाही. पाऊस ओसरू लागल्यावर, धरण भरत गेले तसे, ते रस्त्यावर आले, अंगणात आले, उंबऱ्यापाशी थबकले आणि आत शिरले. आत्याने प्रथम देव्हारा माडीवर नेला, मग कागदपत्रे. दुसऱ्या दिवशी होडीतून तिला बाहेर काढले. घरातले पाणी उतरायला आठवड्याहून अधिक काळ लागला.

१२)
नंतर बातम्यांतून समजले की धरणालगतच्या काही वसाहतींच्या मूळ आराखड्यांवर, कोपऱ्यात बारीक अक्षरांत, ही जमीन धरणाच्या पाण्याखाली जाऊ शकते अशी टीप छापलेली होती. घर घेताना ती कोणी वाचली नाही. आम्ही इतिहासाची आवड असलेली माणसे. तीनशे वर्षांपूर्वीच्या पत्राचा समास भिंग लावून पाहतो. राहत्या घराचा कागद मात्र आमच्या घरात कोणी उलगडला नव्हता. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे: प्रेअरी शाबूत असती तर हार्वेचा पूर आलाच नसता, असा दावा मी करणार नाही. तेवढा पाऊस कोणतीही माती पिऊ शकत नाही. पण ज्या जमिनीचे कामच पाणी थोपवणे आणि जिरवणे हे होते, तिच्यावर आम्ही दिवाणखाना मांडला होता.

१३)
त्या पावसाळ्यानंतर आत्याचे जुने उत्तर मला पुरेसे वाटेना. मी विसाव्या शतकाच्या मध्यातली हवाई छायाचित्रे पाहू लागले. कृष्णधवल चित्रांत नांगरलेली जमीन गुळगुळीत दिसते. न नांगरलेली जमीन मात्र ठिपक्यांनी भरलेली दिसते. प्रत्येक ठिपका म्हणजे एक उंचवटा. वर्षानुक्रमे चित्रे पाहत गेले की ठिपके पुसले जाताना दिसतात. एखाद्या दप्तरखान्यातले रुमाल एकेक करून नाहीसे होताना पाहावे, तसे ते वाटले.

१४)
२०१८ च्या हिवाळ्यात मी एका स्वयंसेवी गटाबरोबर ‘बचाव खोदाई’ला गेले. शहराच्या कडेचा सात-आठ एकरांचा तुकडा, कधीही न नांगरलेला. तिथे गोदामे होणार होती. मालकाने दोन शनिवार मोकळे दिले होते. आम्ही पंधरा-वीस जण फावडी, कुदळी आणि ताडपत्र्या घेऊन गेलो. कुदळ पहिल्यांदा मारली तेव्हा ती परत उसळली. मुळांची वीण इतकी घट्ट होती. तासाभरात मी जेमतेम परातीएवढे तीन गड्डे काढू शकले. त्यांत एका गड्ड्यात, नंतर मोजले तेव्हा, अकरा प्रकारची रोपे निघाली. माती काळी होती. वाळली की भेगाळणारी, ओली झाली की बुटाला चिकटून पावलागणिक जड होणारी. आमच्या शेतातली काळी जमीन अशीच वागते. शास्त्रज्ञ दोन्हींना व्हर्टिसॉल या एकाच गणात घालतात.

१५)
गटातल्या एक सत्तरीच्या बाई, निवृत्त शिक्षिका, माझ्याजवळ बसून खोदत होत्या. मी उत्साहाने म्हटले, “निदान हे तरी आपण वाचवतो आहोत.” त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “आपण पुस्तकातली काही पाने फाडून नेतो आहोत. पुस्तक सोमवारी जाणार.” सोमवारी ते गेलेच. मी मुद्दाम त्या रस्त्याने गेले नाही, पण पुढच्या महिन्यात जावे लागले. तोवर तिथे पांढरा चुना टाकून दाबलेली सपाट जमीन होती.

१६)
‘पाने’ म्हणजे काय, हे मला पुढे कळले. बियाणे गोळा करून, तण काढून, नियंत्रित आग लावून प्रेअरी पुन्हा उभारता येते, आणि ते काम फार मोलाचे आहे. परंतु पुन्हा उभारलेल्या प्रेअरीत काही डझन जाती येतात; मूळच्या तुकड्यात शेकडो असतात. मातीतली बुरशी, मुळांशी तिचे नाते, एकाच फुलावर जगणारे किडे, उंचवटा आणि खळगा यांची रचना, हे पेरता येत नाही. नक्कल वाचनीय असते. पण कागद कोणता, शाई कोणती, समासात कोणाचे अक्षर आहे, हे प्रश्न फक्त अस्सलाला विचारता येतात. न नांगरलेली जमीन ही त्या अर्थाने अस्सल साधन आहे. तिची दुसरी प्रत कुठल्याही दप्तरात नाही.

१७)
सगळ्याच गोष्टी हरण्याच्या नाहीत. ह्यूस्टनच्या पूर्वेला डिअर पार्क येथे ५१ एकरांचा असाच अस्सल तुकडा होता. २०१३ साली तिथे घरे बांधण्याची तयारी झाली होती. नागरिकांनी काही महिन्यांत सुमारे ४० लाख डॉलर उभे केले आणि जमीन विकत घेतली. आज ती नेटिव्ह प्रेअरीज असोसिएशन ऑफ टेक्सास या संस्थेकडे आहे. मी तिथे एप्रिलमध्ये गेले होते. तिन्ही बाजूंना वस्ती, आणि मध्ये वाऱ्यावर हलणारे ५१ एकर. ९० लाखांतले ५१. आकडा हास्यास्पद वाटतो. पण चौल किंवा देवगिरीचा एकच अस्सल शिलालेख उरला असता, तर आपण त्याला हसलो असतो का?

१८)
एक विचित्र योगायोगही सांगते. प्रेअरी डॉन नावाचे बोटभर उंचीचे पिवळे फूल नामशेष झाले असे मानले जात होते. १९८१ मध्ये ते ह्यूस्टनजवळ पुन्हा सापडले. आज त्याचे काही ताटवे अ‍ॅडिक्स आणि बार्कर धरणांच्या सरकारी जमिनीत आहेत. धरणाच्या पोटात घरे बांधता येत नाहीत, म्हणून ते फूल तिथे तगले. ज्या पाण्याने आत्याचे घर बुडाले, त्याच पाण्यासाठी मोकळ्या ठेवलेल्या जागेने हे फूल जगवले. या गोष्टीचा राग धरावा की आनंद मानावा, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

१९)
दुसरा योगायोग अधिक बोचरा आहे. कॉर्पस ख्रिस्तीकडे जाताना महामार्गाच्या कडेला मला एक ओळखीचे गवत दिसले. बोटांसारखे फाकलेले जांभळट तुरे. मारवेल! लहानपणी आजोबांबरोबर बांधावर कापलेले, म्हशीने आवडीने खाल्लेले मारवेल. मला कोण आनंद झाला. घरी येऊन पुस्तक उघडले, तर टेक्सासमध्ये त्याचे नाव ‘क्लेबर्ग ब्लूस्टेम’. चाऱ्यासाठी आशियातून आणलेले, आणि आता मूळ गवतांची जागा बळकावणारे म्हणून तिथल्या यादीत. आपल्या माळावरचा सद्गुणी रहिवासी तिथे घुसखोर ठरला होता. मीही त्याच जमिनीवर भाड्याने राहत होते. मी पुस्तक मिटले.

२०)
गावी गेले तेव्हा वडिलांनी वाटणीसाठी सातबारा काढला होता. त्यावर आमच्या माळाच्या तुकड्यापुढे शब्द होता: ‘पोटखराबा’. लागवडीस अयोग्य. हा शब्द आकाशातून पडलेला नाही. १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात जी महसुली पाहणी सुरू केली, तिच्यात जमिनीची प्रत पीक देण्याच्या कुवतीवर ठरली. महसुलाच्या दृष्टीने ते सयुक्तिक होते. पण त्या मोजपट्टीत न बसणारे माळरान तेव्हापासून ‘खराब’ आणि ‘पडीक’ राहिले, आणि केंद्राच्या पडीक जमिनींच्या नकाशांतही माळरानांचा मोठा भाग त्याच सदरात आहे. पडीक जमिनीवर काय करायचे? कारखाना, सौरपट्ट्या, भूखंड. अगदी सद्हेतूने केलेले वृक्षारोपणसुद्धा, ज्याने माळढोकाची मोकळी जागाच संपते. त्या तुकड्यावर धनगरांची मेंढरे चरत, चंडोल घरटी करत, लांडगे फिरत. सातबाऱ्यात त्यांच्यासाठी रकाना नव्हता.

२१)
टेक्सासमधला ‘नुसतं गवत होतं’ आणि आमच्याकडचा ‘नुसता माळ आहे’ ही एकच नोंद आहे. दोन देश, दोन राज्यव्यवस्था, दोन भाषा. पण जमीन नष्ट होण्याआधी कागदावर आणि बोलण्यात ती दोन्हीकडे ‘रिकामी’ झाली. विकासाला माझा विरोध नाही; तसे म्हणण्याचा अधिकार मला नाही, आत्याच्या त्या घरानेच मला आसरा दिला. माझे म्हणणे इतकेच की रिकामी कोणती आणि भरलेली कोणती, हे ठरवण्यापूर्वी निदान एकदा जमिनीपाशी बसून पाहावे. उभे राहून ती दिसत नाही.

२२)
आत्याने घर दुरुस्त करून तिथेच राहायचे ठरवले. मी बचाव खोदाईतला एक गड्डा तिच्या अंगणात लावला. गवत कमरेएवढे झाल्यावर वसाहतीच्या समितीचे पत्र आले: अंगण अस्वच्छ आहे, गवत कापावे. आत्याने उत्तर लिहिले. मला वाचून दाखवले नाही, पण दुसरे पत्र आले नाही. परवा फोनवर ती म्हणाली, “अगं, शेजारच्या मुलानं विचारलं, हे काय आहे. मी सांगितलं, तुझं घर व्हायच्या आधी इथं हे राहत होतं.”

मित्रहो, आता तुम्हाला एक विनंती. तुमच्या गावच्या माळाचे नाव काय, आणि त्यावरच्या गवतांची नावे आजी-आजोबांना कोणती आठवतात, ते विचारा आणि या थ्रेडखाली लिहा. कुसळी, पवन्या, मारवेल, शेडा. एक नाव मिळाले तरी चालेल. सातबाऱ्यात जो रकाना नाही, तो आपण इथे भरू.